ताई, तू केलेला तो फोन

ताई, तू गेलीस म्हणून मी तुला माफ केलंय असं कुणी समजू नये. तू तर मुळीच समजू नकोस.

शाळेत परिपाठ चालू असताना तू खुर्चीवर बसलीस आणि उठली नाहीस, त्याला आता तीन आठवडे होतील. तेव्हापासून बदनापूरच्या तुझ्या घरी जो येतो तो मला जवळ घेतो आणि एकच वाक्य म्हणतो. "ताई न्हवती गं तुझी, आईच होती." मी मान हलवते. रडू येतं, ते खोटं नसतं. पण रडता रडता माझ्या मनात चालू असतं की या बाईशी मी अकरा महिने बोलले नाही आणि त्याला तशीच कारणं होती. येणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. मामांना ठाऊक आहे, तुझ्या शाळेतल्या बाईंना ठाऊक आहे. मेलेल्या माणसासमोर भांडणाचा विषय काढायचा नाही म्हणून सगळे गप्प आहेत. मी नाही गप्प बसणार. तुला माहितीये माझा स्वभाव. "नाव करुणा ठिवलं अन् जिभेला कात्री लावली," हे तूच म्हणायचीस.

आपली आई मला आठवत नाही. अण्णा आठवतात, त्यांच्या नखांत बसलेला रंग आठवतो. टेंभुर्णीत राहून आसपासच्या गावांतल्या दुकानांच्या पाट्या आणि ट्रॉल्यांच्या मागची नावं ते रंगवायचे. त्याआधी त्यांना जिनिंगमध्ये कायम नोकरी होती. ती त्यांनी ब्रशापायी सोडली. मग फ्लेक्स आलं आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्याकडं कुणी येईना. तू तेव्हा डी.एड. करत होतीस, मी चौथीत होते. रिकामे बसलेले अण्णा तू जितके पाहिलेस तितके मी नाही पाहिले, हे मला कबूल आहे. पण या एका गोष्टीवर तू मला आयुष्यभर तोललंस, हे तूही कबूल करायला हवं होतंस.

तुला शाळा मिळाली, दाजींशी लग्न झालं, अण्णा गेले आणि तू मला बदनापूरला आणलंस. अक्षर तू मला शिकवलंस. फरशीवर खडूनं ळ काढायला लावायचीस, एकाखाली एक, फरशी संपेपर्यंत. "पोट दोन्हीकडं बराबर आलं पायजे," म्हणायचीस. बारावीनंतर मामा म्हणाले, पोरीला डी.एड.ला घाल, तुझ्यासारखी मार्गी लागेल. तू त्यांच्याशी भांडलीस. "तिचं डोकं तिच्या हातात हाय मामा, हात चालू द्या तिचा." चित्रकलेच्या पदविकेच्या प्रवेश परीक्षेला संभाजीनगरला तू घेऊन गेली होतीस, मी आत होते तोवर फाटकाबाहेर उभी होतीस. आत पाणी होतं, तुला कुणी दिलं नसेल. बाहेर आले तेव्हा तू विचारलं नाहीस कसं गेलं. केळं सोलून हातात दिलंस.

हे सगळं मला लिहावं लागतंय याचाही राग येतो. तू नुसती वाईट असतीस तर किती सोपं झालं असतं.

जालन्यातल्या बियाण्याच्या कंपनीत मला नोकरी लागली तीही तुझ्या ओळखीनं. आमच्या मॅनेजर साहेबांची मुलगी तुझ्या हाताखालून गेलेली. मला पाकिटांच्या डिझाईनला बसवलं. पहिल्या पगाराच्या दिवशी तू खीर केलीस आणि दाजींना म्हणालीस, "आपल्या घरात खासगीतली का होईना, पर खुर्चीवरची नोकरी हाय ही." मला मजा वाटली होती. पुढं सहा वर्षं मी त्या खुर्चीवर काय केलं ते तुला कितीदा सांगितलं, तू ऐकून घेतलंस का? दरवर्षी तेच पाकीट. वाणाचं नाव बदलायचं, साल बदलायचं आणि साहेब मागं येऊन उभे राहिले की कापसाचं बोंड मोठं करायचं. "मॅडम, बोंड अजून जरा मोठं." सहा वर्षं मी बोंड मोठं करत होते, ताई. ते पाकिटाबाहेर येईल एवढं मोठं झालं होतं.

म्हणून मी बाहेरचं काम घ्यायला लागले. आधी तुझ्याच शेजारणीच्या मुलीची लग्नपत्रिका, मग एका दवाखान्याची पाटी, मग एका पिठाच्या गिरणीचं बोधचिन्ह. पहाटे साडेचारला उठायचे, तुझ्या स्वयंपाकघरात ओट्याला लागून बसायचे आणि साडेसातच्या गाडीला पळायचे. तो दीड-दोन तासांचा वेळ माझा होता. पाणी यायचं त्या दिवशी तू उठायचीस, हंडा भरता भरता माझ्याकडं बघायचीस.

"काय करून राह्यली एवढ्या पहाटं?"

"काम."

"कंपनीचं?"

"न्हाई. माझं."

"तुझं म्हंजे? कंपनीत डिझाईनच करतीस ना तू? मंग तेच बाहेर कामून?"

मी म्हणाले, तिथं साहेबांच्या मनासारखं करते, इथं माझ्या. तू हंडा उचललास आणि म्हणालीस, "अण्णाबी असंच म्हणायचे." तिथं बोलणं संपायचं. दर वेळी तिथंच. अण्णांचं नाव घेतलं की मला पुढं बोलता येत नाही हे तुला पक्कं माहीत होतं.

मग शोभाकाकूंचं काम आलं. टेंभुर्णीच्या त्यांच्या बचत गटानं कारळाची आणि जवसाची चटणी करायला घेतली होती. बचत गटांच्या विभागीय प्रदर्शनात त्यांना पहिल्यांदा टेबल मिळालं होतं आणि बरण्यांना लेबल हवं होतं. काकू म्हणाल्या, "फोटोबिटो नको बाई. आमची चटणी वळखू आली पायजे." मी ती अक्षरं हातानं काढली. 'कारळाची चटणी', जाड, खरखरीत, पाट्यावर वाटल्यासारखी. त्यातला ळ काढताना मी तुझीच फरशी डोळ्यासमोर आणली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की हे मी केलंय.

आणि इथं माझी चूक झाली. ती मी त्या दिवशी मान्य केली नाही, आज करते. लेबलाची रंगीत प्रत बघायची होती म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी कंपनीच्या प्रिंटरवर चार कागद काढले. दोनदा असं केलं. ते कागद तुला माझ्या पिशवीत दिसले, मागच्या बाजूला कंपनीचं नाव छापलेलं.

"हे कागद कुठले?"

"ऑफिसातले. रद्दी होती."

"इचारून घेतले?"

 तू कागद नीट घडी घालून परत पिशवीत ठेवलेस. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. मला समोर बसवून चोर म्हणाली असतीस तरी चाललं असतं, मी दोन दिवस फुगून बसले असते आणि कागद भरून दिले असते. तू यातलं काही केलं नाहीस. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत तू साहेबांना फोन केलास.

मला चार वाजता आत बोलावलं. साहेबांच्या शेजारी कार्यालयाचे दुसरे एक गृहस्थ बसले होते. साहेब तसे मऊ बोलतात. म्हणाले, "तुमच्या ताईंचा फोन होता. काळजीत होत्या." मला आधी वाटलं तुला काही झालं. मग ते म्हणाले, "बाहेरची कामं करता म्हणे." माझा कॉम्प्युटर उघडून बघितला. त्यात काही नव्हतं, माझं सगळं माझ्या लॅपटॉपवर असायचं. पण प्रिंटरचं विचारलं तेव्हा मी खोटं बोलू शकले नाही. हमीपत्र लिहून घेतलं. माझ्याच हस्ताक्षरात, साहेब सांगतील तसं. यापुढं कोणतंही बाहेरचं काम स्वीकारणार नाही. विभागातले सगळे काचेपलीकडून बघत होते. तुझ्याकडून शिकलेल्या त्या वळणदार अक्षरात मी ते लिहिलं, आणि खाली सही केली.

घरी आले तेव्हा तू भाकरी थापत होतीस. मी दारातूनच विचारलं, तू फोन केला का?

"केला."

"माझ्याशी बोलायचं सोडून?"

"तुझ्याशी बोलून काय व्हतंय? तू ऐकतीस का कुणाचं? साहेब चांगलं मानूस हाय, म्हनलं समजावून सांगतील."

"हमीपत्र लिहून घेतलं त्यांनी. सगळ्यांसमोर."

तुझा हात थांबला. एवढंच. मग तू भाकरी तव्यावर टाकलीस आणि म्हणालीस, "बरं झालं. नोकरी तर ऱ्हायली."

दाजी मध्ये पडले. म्हणाले, अगं तिचं ऐकून तरी घे. तू त्यांना म्हणालीस, "तुम्ही पायलं न्हाई आमच्या घरात काय झाल्तं ते." मी किंचाळले की मी अण्णा नाही. तू म्हणालीस, "सुरवातीला अण्णाबी अण्णा नव्हते." ताई, हे वाक्य तू आधीच तयार करून ठेवलं होतंस का? की त्या क्षणी सुचलं? मी अकरा महिने त्याला उत्तर शोधत होते. तुला सांगायला म्हणून शोधत होते.

प्रदर्शनाला आठ दिवस होते. शोभाकाकूंना मी फोनवर नाही म्हणाले. कारण सांगितलं नाही, सांगायची लाज वाटली.  त्या म्हणाल्या, "सुरवातीलाच न्हाई म्हनली असती तर बरं झालं असतं बाई." त्यांनी घाईघाईत एका दुकानातून लेबल करून घेतलं. त्यावर कुठून तरी उतरवलेला हसऱ्या बाईचा फोटो होता आणि शेजारी टोमॅटो. कारळाच्या चटणीवर टोमॅटो. मी प्रदर्शनाला गेले, लांबून टेबल बघितलं आणि परत आले. तुझा फोन एका मिनिटाचा असेल. त्या एका मिनिटानं गटातल्या नऊ बायकांना टोमॅटो चिकटवला आणि मला त्यांच्या नजरेत खोटी पाडली. हे तुला कधी कळलं नाही, कारण मी त्याआधीच बदनापूर सोडलं होतं. जालन्यात एका मावशींकडं खोली घेतली. मी निघताना तू ताटं-वाट्या बांधून दिल्या होत्यास. मी त्या दारातच ठेवून आले.

चार महिने मी हमीपत्राप्रमाणं वागले. बोंडं मोठी केली. मग एक दिवस माझं नेमणूकपत्र काढून शब्द न् शब्द वाचलं. ते मी सहा वर्षांपूर्वीच वाचायला हवं होतं, तूही वाचायला सांगायला हवं होतंस, तू मास्तरीण. त्यात बाहेरच्या कामाला सरसकट बंदी नव्हती. लेखी परवानगी घ्यावी असं होतं, बस्स. मी साहेबांना सांगून मुख्य कार्यालयात अर्ज केला. तिथल्या बाईंनी बोलावून घेतलं, काय काम करता ते दाखवा म्हणाल्या. मी त्यांना लेबल दाखवलं, जे कधी छापलंच नाही ते. त्यांनी बराच वेळ बघितलं. तीन अटी घातल्या. बियाण्याच्या दुसऱ्या कंपनीचं काम नाही, कंपनीच्या वेळेत नाही, कंपनीच्या साधनांवर नाही. खाली सही केली. एवढं सोपं होतं, ताई. एक अर्ज. तू मला रागावून "आधी इचार" एवढं म्हणाली असतीस तरी पुरलं असतं.

त्या पत्राचा फोटो मी तुला पाठवला. सोबत एक शब्द लिहिला नाही. तुझं उत्तर आलं, 'ठीक.'

'ठीक'वर मी किती रागावले होते. शोभाकाकूंकडं मी स्वतः गेले, टेंभुर्णीला, आणि सगळं खरं सांगितलं. प्रिंटरचंही. त्यांनी चहा दिला आणि पुढच्या मालाला बघू म्हणाल्या. दोन महिन्यांनी त्यांनी खरंच बोलावलं. आज त्यांच्या बरण्यांवर माझी अक्षरं आहेत. तुझ्या घरातल्या फळीवरही एक बरणी आहे, दाजींनी आणलेली म्हणे. तू ती उघडलीस का, लेबल बघितलंस का, हे मी दाजींना विचारलं. ते म्हणाले, "खाल्ली तिनं. काय बोलली न्हाई."

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी दाजींनी तुझा मोबाइल माझ्या हातात दिला. जलदानविधीला कुणाकुणाला कळवायचं ते बघ म्हणाले. मी नावं शोधता शोधता तुझं आणि साहेबांचं मेसेजवरचं बोलणं उघडलं. उघडायला नको होतं, पण उघडलं. खरं सांगू का, मला आशा होती. कुठंतरी तू लिहिलं असशील, साहेब, तिच्यावर एवढं कडक व्हायला नको होतं. नाहीतर दुसऱ्या कुणाला, एखाद्या मैत्रिणीला, की माझं चुकलं. मी सगळं चाळलं. मैत्रिणींना तू पाककृती आणि शाळेच्या सूचना पाठवल्या होत्यास. साहेबांना, हमीपत्राच्याच दिवशी संध्याकाळी, म्हणजे मी दारात उभी राहून किंचाळले त्याच्या जरा आधी, तू लिहिलं होतंस, 'धन्यवाद सर. आता ती लाईनीवर येईल.'

त्यानंतर काही नाही. मी दोनदा वर-खाली करून बघितलं.

ताई, मी आगगाडी आहे का?

जलदानविधीचं तुझं कार्ड मीच केलं. दाजी दुसऱ्या कुणाला सांगत होते, मी म्हणाले मी करते. कंपनीच्या वेळेबाहेर केलं, माझ्या लॅपटॉपवर केलं, सगळ्या अटी पाळून केलं. मामांनी मजकूर लिहून दिला होता. प्रेमळ, मनमिळाऊ, त्यागमूर्ती, मातृतुल्य. असले शब्द मी गिऱ्हाइकांसाठी शंभरदा बसवलेत, मला कधी काही वाटलं नाही. तुझ्या नावाखाली बसवायला हात उचलेना. मी सगळे काढून टाकले. तुझं नाव ठेवलं आणि खाली 'शिक्षिका'. मामांनी विचारलं, प्रेमळ कामून काढलं? मी म्हणाले, जागा नव्हती. जागा भरपूर होती.

फोटो मात्र एकटीचा एकही धड नव्हता. जो चांगला होता तो माझ्या पदविकेच्या दिवशीचा, आपण दोघी उभ्या. तुला त्यातून कापून घेतलं. तुझ्या खांद्यावर एक हात होता, तो पुसावा लागला. बोट बोट करून पुसला, खाली साडीचे काठ पुन्हा जुळवले. आमच्या धंद्यात हे पाच मिनिटांचं काम आहे. मला सबंध सकाळ लागली. हात माझाच होता.

जलदानविधीला साहेब आले होते. वंदना झाली, भन्तेजींचं बोलणं झालं, मग ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "ताईंना तुमची फार काळजी होती." मी म्हणाले, "हो साहेब. तुम्हाला ठाऊकच आहे." ते ओशाळले. मला बरं वाटलं, आणि लगेच वाईट वाटलं की हे सांगायला आता घरी कुणी नाही. साहेबांचं तोंड कसं झालं होतं याची नक्कल मी फक्त तुझ्यासमोर केली असती. तू पदर तोंडाला लावून हसली असतीस, आणि मग म्हणाली असतीस, असं बोलू न्हाई मोठ्या मानसाला.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तू गेलीस त्याच्या आधीच्या गुरुवारी मी सुट्टी टाकून संभाजीनगरला एका छापखान्यात गेले होते. परतताना गाडी बदनापूरला थांबली. मी खिडकीत होते. तू फलाटावर होतीस, हातात शाळेच्या वह्यांची पिशवी, कुठल्या तरी बाईंना सोडायला आली असशील. तू मला बघितलंस. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. तू चालत खिडकीपाशी आलीस आणि गजाला धरून उभी राहिलीस. मला तुझी बोटं दिसत होती, खडूनं पांढरी झालेली. मी वर बघितलं नाही.

"रविवारी ये," तू म्हणालीस. "बोलायचंय."

मी मोबाइलवर अंगठा फिरवत राहिले. समोरची बाई माझ्याकडं बघायला लागली. गाडी हलली तशी तू चार पावलं सोबत चाललीस आणि गज सोडलास.

रविवारी मी गेले नाही. मंगळवारी तू गेलीस.

हे दाजींना सांगितलं तर ते म्हणतील, तिला माफी मागायची असेल. मामा म्हणतील, तिला कळलं असेल पुढचं. लोकांना असं काही मिळालं की बरं वाटतं. मी तुला सत्तावीस वर्षं ओळखते, समजायला लागल्यापासून. तू माफी मागायला कुणाला रविवारी बोलावत नाहीस. तू मला समोर बसवलं असतंस, भाकरी वाढली असतीस आणि म्हणाली असतीस, परवानगी मिळाली ते ठीक, पर उद्या नोकरी सोडायचं डोक्यात हाय का तुझ्या, ते आधी सांग. आणि मी सांगितलं असतं, हो, आहे. मग पुन्हा अण्णा निघाले असते, प्रिंटरचे कागद निघाले असते, तू तव्यावर भाकरी जाळली असतीस आणि दाजी उठून बाहेर गेले असते.

तू भांडायलाच बोलावलं होतंस, ताई. मला खात्री आहे. आणि त्या रविवारी नाही, तर पुढच्या रविवारी मी आले असते.